आउटबॉक्समधला होकार

माझा धाकटा भाऊ जन्मापासून बहिरा आहे, त्यामुळे फोन आम्हा दोघांच्या कधीच कामाचा नव्हता. हिंगोलीत माझ्या घरी फोन आला, तेव्हा शाळेतल्या बायांना वाटलं की आता पुण्यातल्या भावाशी रोज बोलणं होत असेल. मी कुणाला समजावत बसले नाही.

औंढ्याच्या पलीकडे, डोंगराच्या अंगाला आमचा तांडा. घरात आम्ही आमची तांड्याची बोली बोलायचो आणि आईला याडी, वडिलांना बापू म्हणायचो. भावाला ना याडी हा शब्द ऐकू आला, ना आई. तो मनगटापासून कोपराच्या वरपर्यंत हात फिरवायचा, म्हणजे हातभर बांगड्या घालणारी ती. मला बोलवायचं तर तळहातावर बोटाने लिहिल्यासारखं करायचा, कारण सबंध तांड्यात पाटी घेऊन बसणारी मुलगी मी एकटीच होते. सातव्या वर्षी बापूने त्याला बहिऱ्या मुलांच्या निवासी शाळेत घातलं. तिथे तो मराठी लिहायला शिकला. सुटीत घरी आला की त्याला सांगायचं असेल ते तो पाटीवर मला लिहून दाखवायचा आणि मी ते आमच्या बोलीत याडीला सांगायचे. त्या दोघांमधली वाट माझ्यातून जात होती. पुढे आधी बापू गेला, मग याडी गेली. माझं लग्न झालं होतं, ते टिकलं नाही. त्याबद्दल इथे लिहायचं नाही. हिंगोलीच्या एका हायस्कुलात मी हिंदी शिकवत होते, भाऊ पुण्यात एका छापखान्यात कॉम्प्युटरवर अक्षरजुळणी करत होता.

कॉम्प्युटर त्यानेच आणला. छापखान्याने नवीन यंत्रं घेतली तेव्हा जुन्यातलं एक त्याला मिळालं. ते त्याने चादरीत गुंडाळून, एस.टी.त मांडीवर घेऊन पुण्याहून हिंगोलीला आणलं. तेव्हा हिंगोली जिल्हा होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. चार दिवस राहून त्याने मला सगळं शिकवलं आणि शंभर पानी वहीत एकेक पायरी लिहून ठेवली. आधी कोणतं बटण, मग कोणतं चित्र, फोनची वायर कुठे, पत्र कसं लिहायचं, कसं पाठवायचं. अक्षर छापल्यासारखं. काही बिघडलं तर काय करायचं, एवढंच त्या वहीत नव्हतं. तो छापखान्यात असा बसलेला असायचा की काही बिघडलं तर शेजारच्या टेबलाकडे बघितलं की भागायचं. माझ्याकडे शेजारचं टेबल नव्हतं.

मराठी अक्षरं त्याच्याकडून माझ्याकडे येताना चौकोन आणि प्रश्नचिन्हं होऊन यायची, म्हणून आम्ही मराठी इंग्रजी अक्षरांत लिहायचो. त्याने एकदा लिहिलं, काल पोटात कळ आली. काल आणि कळ सारखंच दिसत होतं. मी ते तीनदा वाचलं, आणि कळलं तेव्हा घाबरून दोन पानी उत्तर लिहिलं. त्याचं एका ओळीचं उत्तर आलं की, भजी खाल्ली होती.

संध्याकाळी वीज नसायची, म्हणून सकाळी सहाला उठायचं, चहा टाकायचा आणि कॉम्प्युटर लावायचा, असा माझा क्रम होता. फोनच्या वायरीतून तो किरकिर, घुंई असा आवाज यायचा, मग शांतता, मग पत्र. चार-पाच ओळींचं असायचं. डब्यात काय होतं, छापखान्यात कुणाचं काय बिनसलं. मी ते वाचत चहा प्यायचे. घरात दिवसभरात माझ्याशी झालेलं तेवढंच बोलणं असायचं, असं म्हटलं तर कुणाला खोटं वाटेल. शाळेत मी दिवसभर बोलत होते. पण ते बोलणं हिंदीच्या धड्यांचं होतं.

एका सकाळी त्याचं नेहमीपेक्षा मोठं पत्र आलं. त्याला लग्न करायचं होतं. मुलगीही बहिरी, त्याच छापखान्यात पुस्तकं बांधायचं काम करते, आपल्या समाजातली नाही. शेवटी त्याने लिहिलं होतं, ताई, तू हो म्हण, मग पुढचं ठरवतो.

मी आठ दिवस उत्तर दिलं नाही.

आठव्या दिवशी लिहिलं. हो म्हटलं, आनंद झाला असं लिहिलं, तारीख कळव, मी रजा टाकते, असंही लिहिलं. बटण दाबलं, लिहायची खिडकी मिटली. खिडकी मिटली म्हणजे पत्र गेलं, असंच मी तोवर समजत आले होते.

त्यानंतर त्याचं एकही पत्र आलं नाही.

पहिले पाच-सहा दिवस मला नीटसं लक्षातही आलं नाही, कारण तो गप्प आहे याचं कारण माझ्याकडे तयार होतं. मी आठ दिवस लावले, तोही लावणार. यंत्र रोज सकाळी जोडलं जायचं, पत्रं उतरायला लागायची. 'एकोणिसापैकी पहिलं' असं काहीतरी खाली दिसायचं, आणि मग मधोमध एक छोटी चौकट यायची की समोरून उत्तर येत नाही, अजून थांबायचं की बंद करायचं? मी थांबायचं दाबायचे. मिनिटभराने पुन्हा तेच. मी पुन्हा थांबायचं दाबायचे. असं आठ-दहा वेळा झालं की लाइनच तुटायची. मग मी अंघोळीला जायचे.

एकोणीस हा आकडा मी रोज वाचत होते. आधी अकरा होता, मग तेरा, मग सोळा. तो पत्रांचा आकडा आहे, हे माझ्या डोक्यात शिरलं नाही. मला वाटलं यंत्राचं काही आतलं मोजमाप असेल. मी मात्र लिहीत होते. दोन ओळी, चार ओळी. रागावलास का, असं एकदा लिहिलं. मग स्वतःचाच राग आला आणि लिहिणं थांबवलं. साधं पोस्टकार्ड टाकता आलं असतं. ते मी टाकलं नाही. एवढी पत्रं पाठवली, एकाचं उत्तर नाही, आता पोस्टकार्डही मीच टाकायचं का, असं मनात यायचं.

महिना व्हायला आला तेव्हा मी टेलिफोनच्या ऑफिसात तक्रार लिहून दिली. दुसऱ्या दिवशी लाइनमन आला. निवृत्तीला आलेला माणूस, डोंगरकड्याचा. त्याने पायरीवर बसून आपलं यंत्र लावलं आणि बराच वेळ कानाला धरून ऐकत राहिला.

"खरखर कवापासून येऊन राहिली, बाई?"

"मला खरखर ऐकू आली नाही. फोन मी करतच नाही फारसा."

"मंग फोन घेतला काहून?"

मी भावाचं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. खांबावर चढला, डबी उघडली. आतला जोड हिरवा पडला होता. तो कापून त्याने नवा केला, खाली उतरला, पुन्हा ऐकलं आणि यंत्र माझ्या कानाला लावलं.

"आता ऐका. आता बराबर हाय. तुमची लाइन कटत होती ती आता कटायची न्हाई. पण पत्रं येऊन न्हाई राहिली, ती तकलीफ येगळी. ती लाइनीत न्हाई. ज्यानं तुमाला इंटरनेट दिलं, त्याला इचारा."

चहा घेऊन तो गेला. बाईने चहा चांगला केला, असं जाताना म्हणाला. त्या महिन्यात माझ्या चहाला चांगलं म्हणणारा तो एकच.

इंटरनेटवाल्या कंपनीचा मदतीचा नंबर होता. तिथे हिंदी बोलायचे, ती माझी रोजची भाषा. पण फोन एकच, आणि त्याच वायरीवर कॉम्प्युटर. त्यांनी सांगितलेलं करून बघायचं तर फोन ठेवावा लागे, आणि पुन्हा लावला की दुसराच माणूस उचलायचा. मग पहिल्यापासून सांगायचं. पहिल्याने सांगितलं, कॉम्प्युटर बंद करून चालू करा. दुसरा माझं बोलणं पुरं होण्याआधीच नाहीसा झाला. त्या दिवशी मी नाद सोडला. दोन दिवसांनी, गुरुवारी, शाळेला कसलीशी सुटी होती. दुपारी पुन्हा लावला तेव्हा एक बाई भेटली. आवाजावरून माझ्याच वयाची असावी. तिने घाई केली नाही.

"आउटबॉक्स नावाचा एक कप्पा दिसतो का?" तिने विचारलं.

दिसत होता. त्याच्यापुढे कंसात सात लिहिलं होतं.

"त्यात तुमची सात पत्रं आहेत, मॅडम. ती गेलेली नाहीत."

मग ती कारण सांगू लागली. पत्र पाठवायचा नियम कंपनीने महिन्यापूर्वी बदलला होता. आता पाठवतानाही आपलं नाव आणि सांकेतिक शब्द द्यावा लागतो, त्यासाठी अमुक ठिकाणी एक खूण करायची. तशी सूचना सगळ्यांना ई-मेलने पाठवली होती.

"मला मिळाली नाही."

"मिळाली असेल. तुमच्या पेटीत पहिलं पत्र फार जड आहे, फोटो असतील. ते उतरता उतरता वेळ संपतो, आणि त्याच्यामागची सगळी रांग अडून राहते. आमची सूचनाही त्या रांगेत असेल." मग तिने दुसरा रस्ता सांगितला. पेटी इंटरनेटच्या पानावरून उघडायची, तिथे सगळ्या पत्रांची यादी दिसते. जड पत्र तिथूनच पुसून टाका, म्हणजे बाकीची सरळ उतरतील.

मी सगळं वहीत लिहून घेतलं. भावाच्या वहीतच, त्याच्या अक्षराखाली. फोन ठेवताना तिचं नाव विचारायला हवं होतं. सुचलं नाही.

यादी उघडायला पाच मिनिटं लागली. एकोणीसमधली अकरा त्याची. नवीन पत्र सगळ्यात वर होतं आणि त्याच्या विषयाच्या जागी एकच शब्द होता, झालं. मी ते उघडलं नाही. खालून सुरुवात केली, ज्या क्रमाने त्याने लिहिली त्या क्रमाने. सगळ्यात खालचं ते जड पत्र, मी उत्तर लिहिलं त्याच्या तीन दिवस आधीचं. त्याच्यावर, 'ताई, फोटो पाहिलेस का? डावीकडची ती. उजवीकडे तिची आई.' मग, 'ताई, लाईट नाही का तुमच्याकडे?' मग, 'बरी आहेस ना?' मग, 'छापखान्यातल्या मित्राने दुपारी तुला फोन केला. कुणी उचलला नाही.' दुपारी मी शाळेत असायचे, हे त्याला ठाऊक होतं. पण मित्राला दुपारचीच सवड असणार. लहानपणापासून त्याचं बोलणं दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडातून गेलेलं. मित्राला पुन्हा सांगणं त्याला नकोसं झालं असेल.

'तू नाही म्हणालीस तर मी ऐकेनच असं नाही. पण नाही म्हण तरी.'

मग दिवस आणि वेळ होती. रविवारी अकरा वाजता, मुलीच्या घराजवळच्या देवळात. त्यानंतरच्या तीन पत्रांत फक्त गाडीची वेळ, उतरायचं कुठे, पत्ता. आणि शेवटी ते सगळ्यात वरचं पत्र. 'झालं. पंचवीस लोक होते. सव्वाअकरापर्यंत थांबलो.'

रविवार होऊन चार दिवस झाले होते. त्या रविवारी मी घरातच होते. कपडे धुतले होते आणि तूरडाळ निवडली होती.

आउटबॉक्समधली पत्रं आता पाठवता आली असती. खूण केली असती की साती एकदम गेली असती. मी ती केली नाही. लग्नानंतर चार दिवसांनी होकार जाऊन पोचणं मला बरं वाटेना. त्याऐवजी तो होकार फ्लॉपीवर घेतला, चौकातल्या दुकानात छापून आणला, आणि शुक्रवारी रजा टाकून पुण्याची गाडी धरली.

भाऊ दारात उभा होता. मी येणार हे त्याला माहीत नव्हतं, कुठेतरी निघाला असावा. त्याने मला पाहिलं आणि बाजूला झाला, आत यायला. नमस्कार केला नाही. आत ती होती. फोटो मी अजून पाहिले नव्हते, त्यामुळे तिचा चेहरा मी तिथेच पहिल्यांदा पाहिला. बारीक, चष्मेवाली, बोटांच्या टोकांना वाळलेली खळ. तिने पाणी दिलं आणि माझ्या पाया पडली.

मी पिशवीतून तो कागद काढून भावाला दिला. त्याने वाचला, मग वरच्या कोपऱ्यावर बोट ठेवून माझ्याकडे पाहिलं. तिथे पहिली जानेवारी छापलं होतं. माझ्या कॉम्प्युटरच्या आतला सेल केव्हाचाच संपला होता, तो रोज सकाळी उठून पहिली जानेवारीच सांगायचा. मी त्याकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. आता माझ्या हातात एवढाच पुरावा, आणि त्यावर तारीख खोटी. मी वहीच्या पानावर लिहायला लागले, सेल, खूण, जड पत्र, रांग. सगळा गोंधळ झाला. तो वाचता वाचता मध्येच हसला. त्याला माझ्याहून लवकर कळलं. त्याने बायकोला हातांनी समजावलं, त्यांच्या हातांचा वेग मला पकडता येईना. ती मान हलवत होती. पूर्वी त्याचे हात घरात फक्त मला कळायचे.

मला तिथे थांबता आलं असतं. पण मी लिहिलं, 'आठ दिवस मात्र मी खरंच उत्तर दिलं नव्हतं.'

त्याचं हसू गेलं. त्याने पेन घेतलं आणि एकच शब्द लिहिला. 'का?'

मी लिहिलं, 'तांड्यावर लोक काय म्हणतील, याचा विचार करत होते.'

त्याने ते वाचून मान डोलावली. त्याला ते पटण्यासारखं होतं, कुणालाही पटलं असतं. खरं ते नव्हतं. तांड्यावर आता आमचं कोण होतं? त्या आठ दिवसांत मी एकाच गोष्टीचा विचार करत होते. लग्न झालं की तो डब्यात काय होतं ते मला कशाला लिहील? ते मी त्याला तेव्हा सांगितलं नाही, पुढेही सांगितलं नाही.

दोन दिवस राहिले. तिने ज्वारीच्या भाकरी केल्या, जाड झाल्या, मी तीन खाल्ल्या. निघताना तिने स्वतः बांधलेली एक कोरी वही दिली. भाऊ स्टँडवर सोडायला आला. गाडी सुटायच्या आधी त्याने मनगटापासून वर हात फिरवला, मग डोळे मिटल्याची खूण केली. याडी असती तर, असं काहीतरी. किंवा याडीला आवडलं नसतं, असं. मला नक्की कळलं नाही आणि विचारायला वेळ नव्हता.

घरी आल्यावर आधी ती खूण केली, आउटबॉक्स रिकामा झाला. मग दुसरी एक जागा शोधली, तिथे वेळेची मर्यादा वाढवता येत होती, ती शेवटपर्यंत सरकवली. जड पत्र पुसलं नाही. लाइनमनने केलेला जोड खरंच चांगला होता. त्यापुढच्या रविवारी सकाळी पाऊण तास यंत्र एका पत्रावर अडलेलं राहिलं, पण तुटलं नाही. सहा फोटो उतरले. डावीकडची ती, उजवीकडे तिची आई, पाठीमागे पुस्तकांचे गठ्ठे. एका फोटोत भावाने माझ्यासाठी कागदावर मोठ्या अक्षरात ताई लिहून छातीशी धरलं होतं.

पत्रं पुन्हा यायला लागली. रोज नाही, आठवड्यातून दोनदा, कधी एकदा. माझा अंदाज फारसा चुकला नव्हता. त्याला दोष देत नाही, त्याच्याकडे आता हातांनी बोलायला माणूस होतं. मी मात्र रोज सहाला उठत राहिले. 'पत्र नाही' असं यंत्र सांगायचं, आणि आता खरंच नसायचं.

दोनेक महिन्यांनी एक पत्र त्याच्या बायकोचं आलं. तिचं पहिलंच. तिचं मराठी त्याच्यापेक्षा तुटक होतं. तिने लिहिलं होतं, 'ताई, परत असं झालं तर? शेजाऱ्यांचा फोन नंबर द्या. मी माझ्या आईला फोन करायला सांगीन. आईला ऐकू येतं.'

मी उत्तर लिहायला घेतलं आणि थांबले. त्या घरात मला अकरा वर्षं झाली होती. शेजारी नरसीकडचं एक शेतकरी कुटुंब होतं, मुलांच्या शाळेसाठी गावात राहायला आलेलं. त्यांच्या अंगणातली हळद माझ्या भिंतीपर्यंत वाळत घातलेली असायची, आणि त्यांचा फोन वाजला की मला माझ्या खोलीत ऐकू यायचा. त्यांचा नंबर मला माहीत नव्हता. मी त्यांच्या घरात एकदाच गेले होते, त्यांचे सासरे गेले तेव्हा.

चहाचं भांडं खाली उतरवून मी तशीच गेले. ती बाई अंगण झाडत होती. मी म्हटलं की माझा भाऊ पुण्याला असतो, त्याला ऐकू येत नाही, कधी गरज पडली तर तुमचा नंबर देऊन ठेवू का?

तिने झाडू भिंतीला टेकवला.

"द्या की, बाई. त्यात काय इचारायचं?" मग पदराला हात पुसत म्हणाली, "भाऊ हाय व्हय तुमाला? आमाला वाटलं, तुमाला कुणीच न्हाई."

"आहे," मी म्हटलं.

तिने आत जाऊन नंबर पाटीवर लिहून आणला. मी तो तळहातावर उतरवून घेतला.